खांड कुणी बुजवायची?

गेल्या वर्षी आषाढी अमावास्येच्या उधाणाला आमच्या गावच्या बाहेरकाठ्याला खांड गेली, म्हणजे बांध फुटून भगदाड पडलं. बाहेरकाठा म्हणजे खाडीच्या अंगाचा मोठा मातीचा बांध. आत भातखाचरं, बाहेर खारं पाणी, मध्ये हा बांध, एवढीच आमच्या खारेपाटातली शेती. पहिल्या दिवशी खांड बैलगाडी जाईल एवढी होती. पंधरा दिवसांनी नारळी पौर्णिमेच्या उधाणात ट्रक जाईल एवढी झाली आणि नुकतीच आवणी, म्हणजे भाताची लावणी, झालेली खाचरं पिवळी पडत पडत करपली. त्यानंतर मारुतीच्या देवळात सभा बसली. म्हातारी माणसं म्हणाली, "आता माणूसच राहिला नाही. आमच्या वेळी एका हाकेला गाव बांधावर यायचा." शिकलेली पोरं म्हणाली, "घाटावर बघा, सहकारावर कारखाने उभे केले. आपल्याकडे सगळे एकमेकांचे पाय ओढणारे." कुणीतरी खेकड्यांच्या टोपलीची गोष्ट सांगितली, दोन-चार जण हसले आणि सभा उठली.

ही सभा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गाव बदलतं, विषय बदलतो, निष्कर्ष तोच: कोकणी माणसाच्या रक्तात सहकार नाही. मला हा निष्कर्ष साफ चुकीचा वाटतो. नुसता चुकीचा नव्हे, घातक वाटतो, कारण दोष एकदा रक्तात आहे असं ठरलं की करण्यासारखं काहीच उरत नाही. माझं म्हणणं असं की माणसं एकत्र येतात की नाही, हे त्यांच्या स्वभावावर फार थोडं ठरतं. कुणाचा किती वाटा, कुणी किती राबायचं, न राबणाऱ्याचं काय करायचं, हिशेब कुणाकडे आणि तो कुणापुढे वाचायचा, ही व्यवस्था जिथे पक्की असते तिथे हाच कोकणी माणूस जीव टाकून एकत्र येतो. ती जिथे मोडते तिथे तो घरी बसतो. आणि त्या जागी जगातला कुठलाही शहाणा माणूस घरीच बसेल.

खांड बुजवायची म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. एका ओहोटीत, म्हणजे जेमतेम सहा तासांत, काम आटपावं लागतं. चिखलाचे गोळे कापायचे, माणसांची रांग लावून हातोहात पुढे द्यायचे, खुंट मारायचे, पेंढा घालायचा, पुन्हा चिखल. भरती यायच्या आत बांध पाण्याच्या वर आला नाही तर दिवसभराचं काम वाहून जातं. दहा माणसांनी सहा दिवसांत करायचं हे काम नव्हे, साठ माणसांनी एका दिवसात करायचं आहे. माझे आजोबा जोळाच्या गोष्टी सांगत. जोळ म्हणजे बांधाखाली ज्यांची जमीन आहे त्या सगळ्यांची बांधणूक. ज्याची जितकी जमीन तितकी त्याच्या घरची माणसं बांधावर. कुणी आला नाही तर दंड, आणि तो वसूल होई. पावसाळ्यात रात्री बांधावर फेरी असे, तिची पाळी लागे. आजोबांच्या तोंडी मी "आमची माणसं फार चांगली होती" असं कधी ऐकलं नाही. ते म्हणत, "न जाऊन सांगतोस कुणाला? दुसऱ्या दिवशी नाव निघायचं." वाकड्या तोंडाने, शिव्या देत, पण माणसं जायची. शेजारीही येणार आहे याची प्रत्येकाला खात्री होती, म्हणून जायची.

मग ही व्यवस्था गेली कुठे? 1948 साली मुंबई राज्याने खारजमिनींसाठी कायदा करून मंडळ नेमलं, 1979 साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला आणि बांधांची जबाबदारी टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेली. यामागचा हेतू वाईट नव्हता. गरीब कुळांना उघाड्यांचा, म्हणजे पाणी सोडायच्या दारांचा, आणि दगडी पिचिंगचा खर्च झेपत नव्हता, आणि मोठ्या उधाणापुढे चिखलाचा बांध किती टिकणार? सरकारने पैसा आणि यंत्र आणणं गरजेचंच होतं. पण त्याबरोबर एक गोष्ट कुणाच्या लक्षात न येता घडली. बांध "आपला" होता तो "सरकारचा" झाला. सरकारचा झाल्यावर रात्रीची फेरी कुणी घालायची? पाळी लावायचा अधिकार कुणाला? दंड कुणी घ्यायचा? जोळाचा हक्क गेला आणि त्याच्या जागी बारमाही हजर राहील असं काहीच आलं नाही. आमच्या खांडीची चौकशी करायला मी एका कार्यालयात गेलो, तर तिथे पहिला प्रश्न होता, बांध शासकीय योजनेतला की खाजगी? तो कागद शोधण्यात गणपती उलटले. भरती-ओहोटीला असले प्रश्न पडत नाहीत. खांड दोन-चार वर्षं तशीच राहिली की आत कांदळवन, म्हणजे खारफुटीचं रान, उगवतं, आणि 2005 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते तोडता येत नाही. कांदळवन राखायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याचं भाताचं शेत सरकारी दिरंगाईमुळे कांदळवन झालं, त्याने आपली जमीन कुठल्या दारी शोधायची?

इथे त्या खेकड्यांकडे परत येतो. टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट सांगणाऱ्याने खारेपाटातला खेकडा बहुतेक पाहिलेला नाही. आमच्याकडे खेकडा बांध पोखरतो. बोटभर बीळ पाडतो. फेरीवाल्याने ते रात्री पाहिलं तर मूठभर चिखलाने बुजतं. पाहिलं नाही तर भरतीचं पाणी त्यातून शिरतं, बीळ हाताएवढं होतं, मग कमरेएवढं, आणि एका उधाणात खांड जाते. बिळं आजोबांच्या काळीही होती, तेव्हाचे खेकडे काही सज्जन नव्हते. फरक फेरीवाल्याचा आहे.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात बिनतोड वाटणारा मुद्दा घेऊ. राज्य एक, कायदा एक, सहकारी संस्थांचा 1960 चा कायदाही एकच. मग घाटावर सहकार फुलला आणि कोकणात का नाही? उरला तो माणसातलाच फरक, नाही का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. कोकणात कागदावरच्या मृत संस्था पुष्कळ आहेत, सभासदांना स्वतःच्या संस्थेचं नावही आठवत नाही, हे मी नाकारत नाही. पण "कायदा एकच" हे शंभर-दीडशे वर्षं खरं नव्हतं. देशावर इंग्रजांनी 1836 मध्ये इंदापूरपासून रयतवारीची मोजणी सुरू केली आणि शेतकऱ्याचं नाव सरळ सरकारदरबारी लागलं. कुलाबा-रत्नागिरीत मधे खोत, म्हणजे सारा गोळा करणारा मध्यस्थ, राहिला. अर्धेलीने, तिर्धेलीने, म्हणजे अर्धं किंवा तिसरा हिस्सा, पीक न्यायचं, वर आठवेठ, म्हणजे आठ दिवसांतला एक दिवस फुकट राबवून घ्यायचं. जादा पिकलेल्या मणातला अर्धा मण खोताच्या कोठारात जाणार असेल, आणि लावलेल्या झाडावर आपला हक्क राहील याची शाश्वती नसेल, तर त्या माणसाने कशासाठी आणि कुणाबरोबर भांडवल जमवायचं? डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक 17 सप्टेंबर 1937 रोजी मांडलं. प्रत्यक्षात कायदा झाला 1949 मध्ये. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ सहकारी साखर कारखान्याची जुळवाजुळव करत होते, त्याच सुमारास आमचा शेतकरी खोताच्या तावडीतून सुटत होता. शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली, असं कुणी म्हणू नये.

आणि घाटावरचा माणूस तरी जन्मतः सहकारी होता का? 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, कर्जखतं जाळली. पुणे-नगरच्या गावांत हे लोण पसरलं. तेव्हा कुणी त्या कुणब्याकडे बघून म्हटलं असतं का, की याची नातवंडं-पतवंडं कारखान्याचे भागधारक होतील? मधल्या पाऊणशे वर्षांत नीरेचा कालवा आला, भंडारदऱ्याचं धरण होऊन प्रवरेचं पाणी आलं, 1904 मध्ये पतसंस्थांचा कायदा आला. मग कारखान्याला सरकारचं भागभांडवल आणि कर्जाला सरकारची हमी मिळाली. शिवाय उसाचा गुणच असा की तोडल्यावर तो लगेच गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो. तो घरात साठवता येत नाही, दूर नेता येत नाही. कारखान्याचं कार्यक्षेत्र ठरलेलं, कर्जाची कपात थेट उसाच्या बिलातून. या व्यवस्थेत कर्ज बुडवणं जवळपास अशक्य आणि एकत्र राहणं जवळपास सक्तीचं होतं. यातल्या किती गोष्टी रक्तातल्या आहेत? गगनबावड्याच्या बाजूला असळजला साखर कारखाना झाला, तेव्हा करूळ-भुईबावडा घाटाखालच्या वैभववाडीतले कोकणी शेतकरी ऊस लावू लागले आणि ट्रक घाट चढू लागले. त्यांचं रक्त काही मधे बदललं नव्हतं.

हापूसचं उलट आहे. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि ज्या कोकणी माणसाला आळशी म्हणून हिणवलं जात होतं, त्याने रत्नागिरी-सिंधुदुर्गातले कातळ फोडून, सुरुंग लावून, डोक्यावरून पाणी वाहून आंबा-काजूची कलमं उभी केली. अनुदान झाडाला होतं, झाडं आली. एकत्र विकण्याला कुणी काही दिलं नव्हतं, एकत्र विक्री आली नाही. बागायतदार दलालाकडून हंगामाआधी उचल घेतो, पेट्या वाशीला पाठवतो आणि भाव नंतर पट्टीवरून, म्हणजे दलालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीवरून, कळतो. उचल घेतलेला माणूस गावच्या संस्थेकडे पेटी कशी वळवणार? त्याला उचल देणारी दुसरी जागा आधी हवी. हे न बघता त्याला एकीचं व्याख्यान देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावरून धीर देण्यासारखं आहे.

कोकणी माणूस एकत्र आल्याची साक्ष लांब जाऊन शोधायची गरज नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीला 1933 च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं त्यात होती आणि संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षं! लोकांनी जंगलातली लाकडं विकली, खाडीतली मासळी धरून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. एवढा लांबलेला शेतकऱ्यांचा संप देशात क्वचितच झाला असेल. तो टिकला त्यामागे धैर्य होतं, निष्ठा होती. पण आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे कुणी पाहत नाही. नियम एकच होता आणि तो डोळ्यांना दिसत होता. शेत नांगरलं की नाही, हे बांधावर उभं राहून पोरालाही कळतं. शेजारी वचन पाळतो आहे हे रोज दिसत असेल तर आपणही पाळावं असं वाटतं. हीच माणसं, हाच खारेपाट.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहा. अर्धा मैल पसरलेलं जाळं, दोन्ही टोकांना माणसं, आणि ज्याने दोरीला हात लावला त्याला मासळीतला वाटा. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा वेगवेगळा आणि सगळ्यांना ठाऊक. वाळूवरच वाटणी होते, सगळ्यांसमोर. त्याच समुद्रात पर्ससीनवाला, म्हणजे मोठ्या घेराच्या जाळ्याने मासळी धरणारा, आणि पारंपरिक मच्छीमार मात्र एकमेकांच्या जिवावर उठले आहेत, कारण तिथे कुणी किती मासळी मारायची हे ठरवणारा नियम कागदावर आहे, पाण्यावर नाही. 1981 चा सागरी मासेमारीचा कायदा आहे, सोमवंशी समितीच्या शिफारशींवरून फेब्रुवारी 2016 मध्ये घातलेले निर्बंध आहेत, 2021 मध्ये दंड वाढवलेले आहेत. पण दुसरा नियम मोडून सुटतो हे रोज दिसत असताना आपण एकट्याने जाळं आवरायचं, याला संयम म्हणायचं की उपाशी राहणं? सामायिक संपत्तीचा नाश अटळ आहे, असं गॅरेट हार्डिनने 1968 मध्ये लिहिलं होतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरची कुरणं, कालवे, मासेमारी अभ्यासून दाखवलं की तो अटळ नाही: वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम, त्यांच्यातलीच राखण आणि चढत जाणारा दंड असेल तर शेकडो वर्षं सगळं टिकतं. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझ्या आजोबांना यात नवीन काही वाटलं नसतं.

इथे एक आक्षेप असा आहे की तो मला स्वतःलाच टोचतो. ज्या गावकीचं, म्हणजे गावच्या पंचांच्या कारभाराचं, आणि जोळाचं मी कौतुक करतो आहे, तिचा दंड कुणावर पडत होता? मानकरी ठरलेले, बसायच्या जागा ठरलेल्या, आणि दलितांना बसायला जागाच नाही. महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं, तरी 20 मार्च 1927 ला त्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. आजही गावकीच्या विरोधात गेला म्हणून घर वाळीत टाकल्याच्या तक्रारी सगळ्यात जास्त ऐकू येतात त्या आमच्या रायगडात. त्या घराशी बोलायला बंदी, लग्नाला बंदी, मयताला खांदा द्यायला बंदी. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला 2016 मध्ये करावा लागला, त्याला कारण ही गावकीच आहे. तेव्हा जुनी गावकी परत आणा, असं मी म्हणत नाही, कधीच म्हणणार नाही. पण या आक्षेपातूनही माझाच मुद्दा निघतो. वाळीत टाकणारी माणसं राक्षस नसतात. तीच माणसं पुरात शेजाऱ्याची गुरं सोडवतात. ज्या व्यवस्थेत पंचांना कुणी प्रश्न विचारू शकत नाही, तिथे ती तशी वागतात. दंड हवा, पण तो ठरवताना सगळ्यांचं मत हवं, ज्याला दंड झाला त्याला दाद मागायची जागा हवी, आणि तो दंड पैशांचा किंवा कामाचा असावा, माणुसकीचा नव्हे.

आणखी एक आक्षेप शेतीच्या हिशेबाचा. मुलगा बंदरावर किंवा कंपनीत महिन्याला मिळवतो त्यापुढे दोन एकर भाताचं उत्पन्न काय? ते राखायला बांधावर कशाला यायचं? यात बरंच तथ्य आहे. पण मग मला एक गोष्ट समजावून सांगा. आमच्या सामायिक सातबाऱ्यावर एकोणतीस नावं आहेत. सहा जण वारले, नऊ मुंबईत, दोघांचा पत्ता नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्यावं म्हणून मी सात वर्षं सगळ्यांच्या दारी जातो आहे, सह्या पुऱ्या होत नाहीत. आमच्या शेजारच्या भावकीची गत हीच होती. तिथे बंगल्यासाठी जमीन घेणारा आला आणि महिनाभरात सगळ्या सह्या झाल्या. मुंबईहून गाडी करून आणलेले चुलते, वारसांचे दाखले, सगळं. भावकी एका महिन्यात प्रेमळ झाली का? नाही. सह्या गोळा करण्याचा खर्च आणि खेटे कुणीतरी आपल्या अंगावर घेतले, आणि प्रत्येकाला आपला वाटा आकड्यात दिसला. जमीन विकताना जे जमतं ते राखताना जमत नाही, कारण राखणाऱ्यासाठी तसा माणूस आणि तसा आकडा कुणी उभाच केलेला नाही. गावोगाव वाटपाची शिबिरं लावून, मोजणी फी माफ करून, तलाठ्याने आणि वकिलाने देवळात बसून हे काम केलं, तर त्यातून होणारं काम शंभर कृषी मेळाव्यांतून होणार नाही.

पैशाच्या बाबतीत माणसाचा विश्वास कसा बसतो, हे मी आमच्या देवळात दरवर्षी बघतो. हरिनाम सप्ताह संपला की काल्याच्या दुसऱ्या रात्री वही उघडते. वर्गणी कुणाची किती, तांदूळ किती आले, किती शिजले, मंडपवाल्याला काय दिलं, सगळं मोठ्याने वाचलं जातं. दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या काकूंनी मधेच विचारलं, "तेलाचे डबे पाच आणले, रिकामे डबे कुठे आहेत?" वाचणारा थांबला. डबे स्वयंपाकघराच्या मागून आणून सभेपुढे मांडले, पाच मोजले, मग पुढचं पान. कुणाला अपमान वाटला नाही. आमच्या पंचक्रोशीतल्या एका संस्थेची वार्षिक सभा त्याच सुमारास होती. नोटीस दारावर चिकटवलेली, गणसंख्या नाही म्हणून तहकूब, अर्ध्या तासाने तीच सभा सात माणसांत, अहवाल "वाचला असे समजून" मंजूर. त्याच काकू त्या संस्थेच्या सभासद आहेत. तिथे त्यांना डबे विचारायची सोयच नाही. आणि मग आपण म्हणतो, लोकांना देवाचं पडलं आहे, संस्थेचं नाही.

या माघात पुन्हा देवळात सभा झाली. खांड अजून आहे, आणि या वेळी रक्ताबद्दल कुणी बोललं नाही, कारण आम्ही चौघांनी बांध टेपने मोजून त्याचा कागद बरोबर नेला होता. लांबी, बांधाखालचं क्षेत्र, खातेदार, प्रत्येकाच्या वाट्याला येणारे फूट. मोठ्या खांडीला यंत्र आणि दगड सरकारचाच लागेल, त्याचा अर्ज वेगळा दिला आहे. पण फेरी आणि बिळं आमची. यादी वाचून झाली तेव्हा मागून एक जण म्हणाला, "सगळं ठीक, पण पाळीला आला नाही त्याचं काय?" मग सभा तापली. दंड शंभर की तीनशे, मुंबईवाल्याने माणूस द्यायचा की पैसे, ज्या बाईच्या घरी कर्ता पुरुष नाही तिला पाळी लावायची का, दंड मान्य नसेल तर त्याने कुणाकडे जायचं. साडेअकरा वाजले तरी कुणी उठलं नाही.